टॅक्सी लुटताना चालकाचा खून झाला, विमा कंपनी म्हणते 'हा अपघात नाही': भरपाई मिळते का, कुठे मागायची?

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो. तुमचे दाजी दुसऱ्याच्या टुरिस्ट गाडीवर चालक होते. तीन अनोळखी माणसांनी शिर्डीहून गाडी ठरवली, रात्री वाटेत गळा आवळून दाजींचा खून केला, मृतदेह रस्त्याकडेला टाकला आणि गाडी घेऊन पळाले. पुढे गाडी मध्य प्रदेशात सापडली, दोघे पकडले गेले, तिसरा फरार आहे. गाडीमालक म्हणतो, 'विमा कंपनी म्हणते हा खून आहे, अपघात नाही. त्यामुळे काही मिळणार नाही, जे काय ते आरोपींकडून घ्या.' ओळखीच्या एका वकिलांनी सांगितलं की खुनाच्या खटल्याचा निकाल लागेपर्यंत थांबा. ताईंच्या पदरात दोन लहान मुलं आहेत, सासूबाईही त्यांच्यावरच अवलंबून आहेत. घटनेला चार महिने होत आलेत.

मोटार अपघात दावे आणि कामगार भरपाई हेच माझं रोजचं काम. सुरुवातीची काही वर्षं मी विमा कंपन्यांकडून उभा राहायचो, आता दावेदारांकडून राहतो. त्यामुळे कंपनीचा माणूस तुमची फाइल उघडून आधी काय शोधेल हे मला ठाऊक आहे. मालकाचं म्हणणं चूक आहे आणि त्या वकिलांचा सल्लाही चूक आहे. पण मालकाच्या म्हणण्याला उत्तर देता येतं. थांबण्याच्या सल्ल्यानं मात्र मुदत हातची जाते, आणि गेलेली मुदत परत मिळेलच असं नाही.

'खून म्हणजे अपघात नव्हे' यापासून सुरू करू. हा वाद सर्वोच्च न्यायालयात २००० सालीच निकाली निघालाय. नागालँडमधल्या दिमापूरची घटना. मार्च १९९५ मध्ये संध्याकाळी रिक्षा स्टँडवरून काही अनोळखी प्रवाशांनी एक रिक्षा ठरवली. दुसऱ्या दिवशी चालकाचा मृतदेह मिळाला, रिक्षा कधीच सापडली नाही. विमा कंपनीने रिक्षाचोरीचे पैसे मालकाला दिले, पण चालकाच्या घरच्यांना 'हा खून आहे' म्हणून नकार दिला. मोटार अपघात न्यायाधिकरणाने भरपाई दिली, गुवाहाटी उच्च न्यायालयाने ती काढून घेतली, सर्वोच्च न्यायालयाने परत दिली. 'रीटा देवी विरुद्ध न्यू इंडिया अॅश्युरन्स' हा तो निकाल. आमच्या कामात तो इतक्या वेळा लागतो की त्याची झेरॉक्स कायम फाइलीत असते.

निकालाचा गाभा असा. मारणाऱ्याचा मुख्य हेतू काय होता ते पाहा. त्या विशिष्ट माणसालाच संपवायचं म्हणून मारलं असेल, तर तो निव्वळ खून. वाहन कायद्याखाली भरपाई नाही. पण हेतू गाडी लुटायचा असेल आणि त्या लुटीच्या ओघात चालक मारला गेला असेल, तर मृताच्या बाजूने पाहता तो 'अपघाती खून' ठरतो आणि तो वाहनाच्या वापरातून घडला असं मानलं जातं. दाजींच्या जागी त्या रात्री दुसरा कोणी चालक असता तर तोच मारला गेला असता, हे सिद्ध झालं की दाव्याचा पाया पक्का.

'वाहनाच्या वापरातून' या शब्दांचा अर्थही न्यायालयांनी सढळपणे लावलाय. त्याचं मूळ आपल्याच भागात आहे. ऑक्टोबर १९८७ मध्ये सातारा जिल्ह्यात कवठे गावाजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर पेट्रोलचा टँकर ट्रकच्या धडकेनं उलटला. पहाटेपासून पेट्रोल गळत राहिलं, लोक जमले, काही तासांनी स्फोट झाला. कंपनी म्हणाली, टँकर तर उभा होता, मग 'वापर' कसला? १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळलं. त्यामुळे 'खून झाला तेव्हा गाडी थांबलेली होती' असा बचाव आला तर घाबरू नका. तो येतोच.

आता, हेतू कशावरून ठरतो? बहुतेक कुटुंबं इथंच नकळत स्वतःचं नुकसान करून घेतात. मृतदेह मिळाल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत पोलीस घरच्यांचे जबाब घेतात. 'कुणावर संशय आहे का?' हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. दुःखात, रागात कोणीतरी बोलून जातं: 'त्या अमक्याशी प्लॉटवरून वाद होता', 'उधारीवरून भांडण झालं होतं'. ते जबाबात उतरतं. पुढे खरे आरोपी भलतेच निघतात, पण ते वाक्य कागदावर राहतं. कंपनीचा तपासनीस पोलीस ठाण्यातून कागद काढतो, त्या ओळीवर पिवळी खूण करतो आणि लेखी म्हणण्यात लिहितो: 'पूर्ववैमनस्यातून झालेला खून.'

म्हणून पहिलं काम: फिर्याद, घटनास्थळ पंचनामा, मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदन अहवाल आणि घरच्यांचे जबाब मिळवून नीट वाचा. असं वाक्य असेल तर दोषारोपपत्र दाखल व्हायच्या आत तपास अधिकाऱ्याला लेखी अर्ज देऊन पुरवणी जबाब नोंदवायला सांगा. आधीचं खोडायचं नाही, खोटंही सांगायचं नाही. तो संशय कशावरून आला होता आणि अटक झालेल्या माणसांशी दाजींची ओळखपाळख नव्हती, एवढं खरं ते नोंदवायचं. शिवाय दाव्याला सर्वात उपयोगी तपशील पोलिसांच्याच कागदांत असतात: गाडी कोणत्या नावाने ठरवली, दिलेला नंबर कोणाचा होता, नंबर प्लेट बदलली होती का, गाडी विकायचं बोलणं कोणाशी चाललं होतं. प्लेट बदललेली असेल तर गाडी हाच हेतू होता हे सांगायला वकिलाला फार बोलावं लागत नाही.

तपासनीसाबद्दल एक सूचना. तो घरी येईल, सभ्यपणे बोलेल, चहा घेईल आणि जाताना एका कागदावर ताईंची सही मागेल. सही करू नका. 'आमच्या वकिलांना लेखी विचारा' एवढंच सांगा.

आता दावा कुठे. तुमच्या प्रश्नात तुम्ही मोटार अपघात न्यायाधिकरण धरूनच चाललाय. मी असतो तर तिथे जाण्याआधी दहा वेळा विचार केला असता.

रस्ते दोन आहेत. एक, मोटार वाहन कायद्याखाली न्यायाधिकरण. दुसरा, कर्मचारी भरपाई कायद्याखाली भरपाई आयुक्तांपुढचा अर्ज, कारण दाजी मालकाचे नोकर होते आणि नोकरीवर असताना गेले. मोटार वाहन कायद्याचं कलम १६७ सांगतं की दोन्हींपैकी एकच निवडा. एकदा एका दारात जाऊन निकाल घेतला की दुसरं बंद. त्यामुळे 'आधी इथे टाकू, नाही जमलं तर तिकडे' हे चालत नाही.

न्यायाधिकरणात पुन्हा दोन कलमं. कलम १६६ मध्ये रक्कम मोठी निघते. समजा दाजींचं वय ३५, पगार २०,००० रुपये. वर्षाचे २,४०,०००. वय ४० च्या आत म्हणून भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरून ३,३६,०००. अवलंबून चार माणसं, म्हणून स्वतःच्या खर्चाचा एक चतुर्थांश वजा, उरले २,५२,०००. या वयाला गुणक १६. झाले ४०,३२,०००, वर अंत्यविधी वगैरेंच्या ठरलेल्या रकमा. हा आकडा ऐकवून वकील फाइल घेतात. पण कलम १६६ मध्ये कोणाचा तरी निष्काळजीपणा दाखवावा लागतो. इथे गाडी चालवत होते दाजी स्वतः. मालकाने काय निष्काळजीपणा केला? क्वचित काही सापडतं, उदाहरणार्थ आधी तशाच घटना घडूनही मालकाने ओळखपत्र न घेता रात्रीचं भाडं लादलं. पण ते सिद्ध करणं अवघड आहे, आणि २००७ च्या मीना वरियाल निकालानंतर तर चूक दाखवल्याशिवाय कलम १६६ चा दावा टिकवणं फारच कठीण झालंय.

निष्काळजीपणा न दाखवता मागायचं तर कलम १६४. रीटा देवींचा दावा ज्या कलम १६३-अ खाली होता, ते आता कायद्यातून काढून टाकलंय. १ एप्रिल २०२२ पासून त्याजागी हे कलम आहे आणि मृत्यूची रक्कम ठरलेली: ५,००,०००. वय, पगार काहीही असो.

आता दुसऱ्या दाराचा हिशेब पाहा. कर्मचारी भरपाईत मासिक पगाराच्या निम्मे गुणिले वयाप्रमाणे ठरलेला घटक. पगाराची कमाल मर्यादा १५,०००, म्हणजे प्रत्यक्षात २० मिळत असले तरी १५ धरायचे, निम्मे ७,५००. वय ३५ ला घटक १९७.०६. गुणाकार १४,७७,९५०. त्यावर १२ टक्के व्याज, म्हणजे वर्षाला पावणेदोन लाखांच्या वर. मालकाने विनाकारण टाळाटाळ केली तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही लागू शकतो. व्याज सहसा कंपनीच्या गळ्यात पडतं, दंड मात्र मालकाच्याच. आणि इथे निष्काळजीपणाचा प्रश्नच नाही. नोकरीच्या ओघात आणि नोकरीमुळे मृत्यू झाला एवढं पुरे. रात्रीबेरात्री अनोळखी माणसं गाडीत बसवणं हेच ज्याचं काम, त्याला त्या कामातूनच हा धोका आला, हे पटवायला अवघड नाही.

म्हणून तुम्ही सांगितलेल्या परिस्थितीत मी कर्मचारी भरपाईचा अर्ज करीन. पाच लाखांच्या खात्रीपेक्षा पावणेपंधरा लाखांची चांगली शक्यता बरी, आणि चाळीस लाखांच्या आशेपेक्षाही बरी. माझ्याच पेशातले काही जण इथे वेगळं मत देतील. १६६ चा मोठा आकडा लावून तडजोडीत काहीतरी पदरात पडेल, असं त्यांचं गणित असतं. कधी पडतंही. पण दोन पोरं पदरात असलेल्या बाईच्या जिवावर ते जुगारासारखं खेळावं असं मला वाटत नाही.

मुदतींचं मात्र डोक्यात पक्कं ठेवा. न्यायाधिकरणात घटनेपासून सहा महिने, कलम १६६(३). ही अट घटनाबाह्य आहे म्हणून सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलंय, पण त्याच्या भरवशावर एकही दिवस वाया घालवू नका. कर्मचारी भरपाईला दोन वर्षं. वकील काही कारणाने न्यायाधिकरणाकडेच वळले, तर तुमच्याकडे जेमतेम दोन महिने आहेत. रस्त्यावरच्या नेहमीच्या अपघातात पोलीस स्वतःच सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला पाठवतात. खुनाच्या गुन्ह्यात तसा अहवाल जात नाही, कारण त्यांच्या नोंदीत हा अपघातच नाही. म्हणजे तुम्ही हललात तरच हे हलेल. शिवाय १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. हिशेबाचं सूत्र तेच आहे, पण अर्जावर कोणत्या कायद्याचं नाव घालायचं ते घटनेच्या तारखेवर ठरेल.

अर्ज ताई जिथे राहतात तिथे करता येतो. त्या माहेरी आल्या असतील तर माहेरच्या जिल्ह्यातही. काही ठिकाणी हे काम कामगार न्यायालयात चालतं, काही ठिकाणी वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांकडे. जिल्हा न्यायालयात चौकशी केली की कळतं. अर्जात मुलांची आणि सासूबाईंची नावं घालायला विसरू नका. कोणाचं नाव राहिलं की पुढे घरातच वाद होतो आणि कंपनी गंमत बघत बसते.

सगळी भिस्त एका गोष्टीवर: दाजी मालकाचे नोकर होते का. आपल्याकडे टुरिस्ट गाडीच्या चालकाला ना नियुक्तीपत्र, ना पगाराची पावती. मालक आज गोड बोलतो आणि उद्या कंपनीच्या वकिलाने समजावलं की 'तो नोकर नव्हता, गाडी रोजच्या भाड्याने घेऊन चालवायचा' असं सांगतो. खरंच तसं असेल, म्हणजे दाजी मालकाला रोज ठरावीक रक्कम देऊन वरचं स्वतः ठेवत असतील, तर गोष्ट गुंतागुंतीची होते आणि मी वर दिलेला सल्ला बदलू शकतो. पण पगारावर असतील तर पुरावा बहुधा दाजींच्या फोनमध्येच आहे. 'उद्या पहाटे ५ ला गाडी घेऊन निघ, पार्टी हॉटेलवर आहे' असे मालकाचे मेसेज, दर महिन्याला मालकाच्या खात्यातून आलेले पैसे, डिझेलच्या हिशेबाचे फोटो. फोन पोलिसांनी जप्त केला असेल तर बँकेचा उतारा काढा. आणि सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे मालकाचा स्वतःचा पोलीस जबाब. गाडी चोरीला गेली म्हणून पहिल्या दिवशी घाबरून पोलिसांकडे गेलेला मालक बहुतेक वेळा सांगतो, 'माझ्या गाडीवर चालक म्हणून कामाला असलेला अमुक...' त्या वाक्याची नक्कल जपून ठेवा.

पॉलिसीची प्रत मिळवा आणि हप्त्याच्या तक्त्यात पगारी चालकाची ओळ आहे का बघा. बऱ्याचदा ती फक्त ५० रुपयांची असते. ती असेल तर चालकाबद्दलची जबाबदारी कंपनीने पैसे घेऊन स्वीकारली आहे. नसेल तर वकिलाला पॉलिसीच्या अटी वाचाव्या लागतील, पण मालकाची जबाबदारी कुठेच जात नाही.

कंपनीचा आणखी एक ठरलेला आक्षेप: चालकाच्या परवान्यावर व्यावसायिक वाहनाची नोंद नव्हती. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने स्पष्ट केलंय की ७,५०० किलोपर्यंतच्या गाडीला हलक्या वाहनाचा परवाना पुरतो, वेगळी नोंद लागत नाही. तुमची टुरिस्ट गाडी त्यात सहज बसते. परवाना मुदतीत होता ना, एवढं बघा.

आता मालकाच्या दुसऱ्या प्रस्तावाबद्दल. तुम्ही ओघात लिहिलंय की 'मालक ५०,००० द्यायला तयार आहे, पण स्टॅम्पपेपरवर सही मागतोय.' पैसे घ्यायचे की नाही हे तुमच्या अडचणीवर आहे. पण मृत्यूच्या प्रकरणात भरपाई आयुक्तांकडेच जमा करावी लागते. परस्पर हातावर ठेवलेले पैसे भरपाई म्हणून धरले जात नाहीत, तीन महिन्यांच्या पगाराइतका आगाऊ भाग काय तो वळता होऊ शकतो. आणि 'यापुढे कोणतीही मागणी करणार नाही' अशी सही झाली तरी हक्क सोडण्याचा तो करार कायद्याने निरर्थक आहे. कोणी आधीच सही केली असेल तरी खचून जाऊ नका. केली नसेल तर करू नका. निरर्थक कागदही दोन तारखा खातो.

खुनाच्या खटल्याकडे वळतो. भरपाई त्याच्या निकालावर अवलंबून नाही. तिथे संशयापलीकडचा पुरावा लागतो, इथे शक्यतेचं पारडं कुठे झुकतं एवढंच बघतात. उद्या आरोपी संशयाचा फायदा मिळून सुटले तरी ताईंचा दावा त्यामुळे पडत नाही. सत्र न्यायालयाच्या निकालाला वर्षं लागतात. 'तोपर्यंत थांबा' म्हणजे मुदत घालवा, एवढाच त्याचा अर्थ.

तरीही खटल्याकडे पाठ फिरवू नका. १ जुलै २०२४ नंतरचा गुन्हा असल्याने भारतीय न्याय संहिता लागू: खुनाला कलम १०३, जबरी चोरीला ३०९ (सूर्यास्त ते सूर्योदयादरम्यान महामार्गावर असेल तर १४ वर्षांपर्यंत), पुरावा नष्ट करायला २३८, चोरीची गाडी घेणाऱ्याला ३१७. तुम्ही विचारलंत की दरोड्याचं कलम का नाही. दरोड्याला पाच किंवा जास्त माणसं लागतात. पाच असते तर दरोड्यात झालेल्या खुनाला सगळे सारखे जबाबदार धरले गेले असते; तिघांमध्ये मात्र प्रत्येकाचा समान इरादा सरकारी पक्षाला दाखवावा लागतो. 'मी फक्त गाडी चालवत होतो, गळा त्याने आवळला' हा बचाव म्हणूनच येतो.

डोळ्यांनी पाहणारा साक्षीदार नाही, म्हणजे सगळं परिस्थितिजन्य पुराव्यावर. १९८४ च्या सारडा निकालातली पाच तत्त्वं इथे लागतात: साखळीची प्रत्येक कडी सिद्ध हवी आणि सगळी साखळी आरोपीकडेच बोट दाखवणारी हवी. नुसती गाडी त्यांच्याकडे सापडली एवढ्यावर 'आम्ही ती स्वस्तात विकत घेतली' म्हणून ते चोरीच्या मालाच्या छोट्या कलमावर सुटायचा प्रयत्न करतील. म्हणून मधल्या कड्या महत्त्वाच्या. तिघांना दाजींच्या गाडीत बसताना कोणी पाहिलं? स्टँडवरचा चालक, हॉटेलचा मॅनेजर? टोलनाक्यांचे फास्टॅग मेसेज मालकाच्या फोनवर आले असतील. नाका आणि वेळ दोन्ही त्यात असतात. त्यांचे फोटो काढा आणि खात्याचा उतारा मागवून घ्या. ढाब्यावरचं, पेट्रोल पंपावरचं चित्रीकरण काही दिवसांत पुसलं जातं. चार महिन्यांनी ते मिळणं कठीण, पण पोलिसांनी घेतलंय का हे विचारा, आणि त्यासोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र आहे का तेही. त्या प्रमाणपत्राशिवाय अशा पुराव्याची प्रत न्यायालयात टिकत नाही, हे जालन्याच्या निवडणूक वादातल्या २०२० च्या खोतकर निकालाने पक्कं केलंय.

दाजींच्या मोबाइलचा खोका घरात असेल तर टाकू नका. त्यावर आयएमईआय नंबर, म्हणजे त्या फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक असतो. आरोपीने काढून दिलेला फोन दाजींचाच होता हे त्या खोक्यावरून आणि बिलावरून पक्कं होतं.

आणि एक कळकळीचं सांगणं. आरोपींचे फोटो चालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरवू नका, कोणी फिरवत असेल तर थांबवा. राग समजतो. पण ओळख परेडमध्ये उभा राहणारा साक्षीदार तुमच्याच ग्रुपवर असेल आणि त्याने फोटो आधीच पाहिला असेल, तर उलटतपासणीत त्या ओळखीला काही किंमत उरत नाही.

तिसरा फरार आहे म्हणून उरलेल्या दोघांचा खटला अडत नाही. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत, फरार घोषित झालेल्या आरोपीच्या गैरहजेरीतही खटला चालवायची सोय आहे. जामिनाच्या अर्जावर ताईंचं म्हणणं ऐकून घ्यायला हवं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलंय. त्यासाठी स्वतःचा वकील सरकारी वकिलांच्या मदतीला देता येतो. निर्दोष सुटले तर ताईंना स्वतः अपील करता येतं. तपास कुठवर आला हे पोलिसांनी ९० दिवसांत कळवायचं असतं. तुम्हाला चार महिन्यांत काहीच कळवलं नसेल तर ठाण्यात लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

गाडीचं आणि चोरीच्या विम्याचं प्रकरण मालकाचं आहे, त्यात तुम्ही पडू नका. एवढंच लक्षात ठेवा, की मालकाने त्याच घटनेवरून गाडीच्या नुकसानीचा दावा केला असेल तर त्याची प्रत मागून घ्या. गाडीसाठी 'लूट झाली' असं मान्य करणाऱ्या कंपनीला माणसासाठी 'लूट नव्हती' म्हणणं जड जातं. दिमापूरच्या प्रकरणात कंपनीची हीच पंचाईत झाली होती.

वाचणाऱ्यांपैकी काही जण स्वतःचीच गाडी चालवणारे असतील. त्यांच्यासाठी गणित वेगळं आहे. मालक स्वतः चालवताना मारला गेला तर तो स्वतःचाच नोकर किंवा तिऱ्हाईत ठरत नाही, त्यामुळे वरचे दोन्ही रस्ते जवळपास बंद. उरतो पॉलिसीतला मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा, सप्टेंबर २०१८ नंतर १५ लाखांचा. हप्ता वाचवायला बरेच जण तो काढत नाहीत. कंपनीने नाकारला तर ग्राहक आयोग, मुदत दोन वर्षं.

ताईंना वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. गुन्ह्यातल्या पीडितांसाठी असलेल्या राज्याच्या भरपाई योजनेचा अर्जही तिथेच, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ खाली. खाजगी वकील केला आणि तो मिळणाऱ्या रकमेतले टक्के मागू लागला, तर उठून या. वकिलांना तसा करार करायची परवानगी नाही.

मुलांच्या वाट्याची रक्कम सहसा ती सज्ञान होईपर्यंत बँकेत मुदत ठेवीत ठेवायचा आदेश होतो. बायका बिचाऱ्या निकालानंतर चेक घ्यायला येतात आणि हातात थोडेच पैसे बघून हबकतात. म्हणून निकालाआधीच वकिलाला सांगा, की ताईंच्या नावावर रोख किती हवेत, डोक्यावर कर्ज किती आहे, मुलांची फी किती, हे प्रतिज्ञापत्रात लिहा आणि ठेवीचं व्याज दर महिन्याला खात्यात जमा व्हावं अशी मागणी करा. कारण दाखवलं तर पुढे शाळा-कॉलेजसाठी ठेव मोडायलाही परवानगी मिळते. त्याला फीची पावती आणि मुलाचं बोनाफाइड लागतं.